स्तनोच्छेदन : पूर्वतयारी आणि पुनर्वसन

स्तनोच्छेदन म्हणजे स्तनातील ग्रंथिल ऊती संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होय. वैद्यकीय व्यवहारात तिला मास्टेक्टॉमी म्हणतात. बोलीभाषेत तिचा उल्लेख 'स्तन काढणे' किंवा नुसतेच 'गाठीचे ऑपरेशन' असाही होतो. मात्र गाठ व तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग एवढेच काढणारी स्तनरक्षक शस्त्रक्रिया आणि स्तनोच्छेदन या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. त्यांची पूर्वतयारी, नंतरचे उपचार आणि बरे होण्याचा काळ यांतही फरक आहे. स्तनाचा कर्करोग हे स्तनोच्छेदनाचे प्रमुख कारण आहे. भारतातील स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. कर्करोगाचा आनुवंशिक धोका कमी करणे, पुरुषांमधील स्तनवृद्धी आणि पारलिंगी पुरुषांची वक्षशस्त्रक्रिया ही तिची इतर कारणे होत.

शस्त्रक्रिया साधारणतः एक ते तीन तासांत पूर्ण होते आणि पोटातील मोठ्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत शरीर ती चांगली सोसते. रुग्णाचा खरा कस नंतरच्या काही आठवड्यांत लागतो. या काळात हात आणि खांदा पूर्ववत झाला नाही, तर पुढचे उपचारही अडू शकतात.

इतिहास

भूल उपलब्ध होण्यापूर्वी स्तन काढण्याच्या शस्त्रक्रिया रुग्ण शुद्धीवर असतानाच होत. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्यावर १८११ मध्ये पॅरिस येथे नेपोलियनच्या सैन्यातील प्रसिद्ध शल्यचिकित्सक दोमिनिक-जाँ लारे यांनी अशी शस्त्रक्रिया केली. बर्नी यांनी आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिचे सविस्तर वर्णन केले आहे. त्यानंतर त्या जवळजवळ तीन दशके जगल्या. तत्पूर्वी १८०४ मध्ये जपानमधील वैद्य हानाओका सेइशू यांनी वनस्पतिजन्य औषधाने संपूर्ण भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली होती.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये ५० रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व लसिका ग्रंथी एकत्र काढल्या जात. कर्करोग मुळापासून पसरत जातो, म्हणून जितके अधिक काढावे तितके बरे, असा त्यामागील विचार होता. ही मूलगामी पद्धत सुमारे पाऊण शतक प्रमाण मानली गेली. तिच्यामुळे छाती खोलगट होत असे, खांदा आखडत असे आणि हाताला कायमची सूज येत असे. लंडनचे डेव्हिड पेटी यांनी १९४८ मध्ये छातीचा मोठा स्नायू राखणारी सुधारित पद्धत मांडली.

हॉल्स्टेड यांच्या तर्काला निर्णायक उत्तर मिळाले ते तुलनात्मक चाचण्यांतून. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७० च्या दशकात या चाचण्या सुरू केल्या. अधिक व्यापक शस्त्रक्रियेने आयुर्मान वाढत नाही आणि योग्य रुग्णांमध्ये गाठ काढून किरणोपचार दिल्यास स्तनोच्छेदनाइतकेच आयुर्मान लाभते, असे त्यांनी दाखवले. दोघांचेही २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आज स्तनरक्षक शस्त्रक्रिया आणि काखेतील मर्यादित शस्त्रक्रिया यांचा जो प्रसार झाला आहे, त्याचा पाया या चाचण्यांनी घातला.

प्रकार

साध्या अथवा संपूर्ण स्तनोच्छेदनात स्तनाची ऊती, स्तनाग्र आणि काही त्वचा काढली जाते. सुधारित मूलगामी प्रकारात त्याबरोबर काखेतील लसिका ग्रंथीही काढतात. भारतात अनेक रुग्ण गाठ मोठी झाल्यावर वा काखेत पसरल्यावर उपचारांसाठी येतात, त्यामुळे हा प्रकार येथे अजूनही बराच केला जातो. तत्काळ पुनर्रचना करावयाची असल्यास त्वचा राखणारे किंवा स्तनाग्रही राखणारे स्तनोच्छेदन निवडता येते. हॉल्स्टेड यांची मूळ शस्त्रक्रिया आता क्वचितच, कर्करोग स्नायूत शिरला असेल तरच करतात.

काखेत ग्रंथी वाढलेल्या नसतील, तर पहारेकरी ग्रंथीची तपासणी करतात. निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव टोचून कर्करोगपेशी प्रथम जिथे पोचतील त्या एक ते तीन ग्रंथी शोधल्या जातात आणि त्या निरोगी निघाल्यास बाकीच्या तशाच राखल्या जातात. या तपासणीनंतर एक-दोन दिवस लघवीला निळसर-हिरवट रंग येतो. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण घाबरून जातात.

निर्णय घेताना

स्तनोच्छेदन आवश्यक आहे की गाठ काढणे पुरेसे आहे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्टपणे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. स्तनाच्या तुलनेत गाठ मोठी असणे, एकाच स्तनात दूर अंतरावर अनेक गाठी असणे, छातीवर पूर्वी किरणोपचार झालेले असणे, तसेच दाहक स्वरूपाचा कर्करोग असणे या परिस्थितींत सामान्यतः स्तनोच्छेदनाचा सल्ला दिला जातो. मोठी गाठ आधी रसायनोपचाराने लहान करून नंतर स्तन वाचवणेही कित्येकदा शक्य असते. 'सगळे काढून टाकले म्हणजे आजार परत येणार नाही' हा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. तथापि स्तनोच्छेदनानंतरही छातीच्या त्वचेवर, काखेत किंवा शरीरात अन्यत्र कर्करोग पुन्हा उद्भवू शकतो, आणि स्तन राखलेल्या योग्य रुग्णांचे आयुर्मान कमी नसते.

निर्णयात वैद्यकीय बाबींखेरीज व्यावहारिक बाबीही येतात. स्तनरक्षक शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार जवळजवळ नेहमीच लागतात आणि ते सलग काही आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागतात. किरणोपचार केंद्र दूर असलेल्या तालुक्यातील स्त्रीला मजुरी बुडवून एवढा काळ शहरात राहणे परवडत नाही, म्हणून ती स्तनोच्छेदन निवडते, असेही घडते. शस्त्रक्रियेची निवड एसटीच्या वेळापत्रकावर ठरू नये. अशा वेळी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाशी आधीच बोलल्यास निवासाची सोय होऊ शकते. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा संस्था निवास पुरवतात.

पूर्वतयारी

निदान पक्के झाल्याखेरीज स्तनोच्छेदन करीत नाहीत. प्रत्यक्ष तपासणी, मॅमोग्राफी व सोनोग्राफी आणि जाड सुईने घेतलेला ऊतीचा तुकडा या तिन्हींचा मेळ घातला जातो. त्या तुकड्यावर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ग्राहक आणि हर-२ प्रथिन यांची चाचणी होते, कारण आधी औषधोपचार करायचा की आधी शस्त्रक्रिया, हे त्यावर अवलंबून असते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. तिच्यापायी तपासणी लांबणे मात्र धोक्याचे ठरते. आधी रसायनोपचार झालेले असल्यास रक्तपेशींचे प्रमाण सावरण्यासाठी शेवटच्या मात्रेनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरवतात.

भूलपूर्व तपासणीत रक्तचाचण्या, हृदयालेख, छातीचा एक्स-रे, रक्तशर्करा व रक्तदाब पाहतात. रुग्णाने घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, त्यांत आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि गावठी औषधेही धरून, भूलतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक असते. रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाची काही औषधे आणि टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी गोळी यांबाबत कधी थांबायचे व कधी पुन्हा सुरू करायचे, हे डॉक्टरच ठरवतात. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद केल्यामुळे शस्त्रक्रिया ऐनवेळी पुढे ढकलली जाते, असा प्रकार रुग्णालयांत नेहमी पाहायला मिळतो.

तंबाखू कोणत्याही रूपात किमान चार आठवडे आधी सोडावी असा सल्ला आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील पुष्कळ स्त्रिया बिडी-सिगारेट ओढत नाहीत, पण मशेरी लावतात, आणि 'तंबाखू घेता का' या प्रश्नाला नाही असे उत्तर देतात. मशेरीतील निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करते. स्तनोच्छेदनानंतर शिल्लक राहिलेला त्वचेचा पातळ पडदा मोजक्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर जगत असतो. त्यांचा पुरवठा तुटला तर त्वचेची कड काळी पडून झडते आणि जखम भरण्यास कित्येक आठवडे अधिक लागतात.

खांद्याचे व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घेणे हिताचे असते. वेदना व भीती नसताना शिकलेली हालचाल नंतर सहज जमते, आणि खांदा आधीपासूनच आखडलेला असेल तर तेही वेळेत लक्षात येते. मधुमेही रुग्णांत हे वारंवार आढळते.

घरातील तयारी साधी असली तरी महत्त्वाची आहे. रोज लागणारी भांडी, डबे व कपडे कमरेच्या उंचीवर आणून ठेवावेत, म्हणजे फळीवर हात पोचवावा लागत नाही. समोरून उघडणारे गाऊन किंवा सैल सदरे दोन-तीन तरी हवेत, कारण डोक्यावरून घालायचे कपडे काही आठवडे घालता येत नाहीत. पाणी भरणे, कणीक मळणे, कपडे पिळणे, लहान मूल उचलणे ही कामे किमान महिनाभर दुसऱ्या कोणाकडे सोपवावी लागतात. हे शस्त्रक्रियेपूर्वी घरात ठरले नाही, तर आठव्या दिवशी ती स्त्री पुन्हा ओट्यापाशी उभी राहते.

कागदपत्रांत ओळखपत्र, शिधापत्रिका, जुने सर्व अहवाल आणि तपासणीच्या काचपट्ट्या व मेणठोकळे सोबत असावेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत, तर गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना यांतून कर्करोगाच्या उपचारांना साहाय्य मिळते. योजनेची मंजुरी मात्र दाखल होण्यापूर्वी किंवा दाखल होतानाच घ्यावी लागते.

आदल्या दिवशी व शस्त्रक्रियेच्या दिवशी

साधारण नियमानुसार घन आहार शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी थांबवतात. दूध व चहा यांची गणना घन आहारात होते. 'घोटभर चहा चालेल' या समजुतीने भूल देणे अशक्य होऊन बसते. आंघोळ करून जावे, परंतु काखेतील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण त्वचेवरील बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. आवश्यक असल्यास ते रुग्णालयात यंत्राने कापतात.

नखांवरील रंग काढावा, कारण बोटाला लावलेले प्राणवायुमापक रंगामुळे चुकीचे आकडे दाखवू शकते. मेंदी काढलेली असल्यास तसे आधीच सांगावे. सर्व दागिने उतरवावे लागतात. मंगळसूत्र व बांगड्या उतरवण्यास अनेक स्त्रियांचे मन धजत नाही. त्यावर घरातील ज्येष्ठ स्त्रीशी किंवा परिचारिकेशी आदल्या दिवशीच बोलणे इष्ट असते. शस्त्रक्रियागृहाच्या दारात हा प्रसंग ओढवला तर रुग्णाची धास्ती विनाकारण वाढते. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या घट्ट काचेच्या बांगड्या नंतर हात सुजल्यास निघत नाहीत, हे उतरवण्याचे आणखी एक कारण होय.

शल्यचिकित्सक रुग्ण शुद्धीवर व उभी असताना शाईने बाजू आणि छेदाच्या खुणा करतात. संपूर्ण भूल दिली जाते. पाठीच्या मणक्यालगत किंवा छातीच्या स्नायूंमध्ये बधिर करणारे औषध दिल्यास नंतरच्या वेदना कमी होतात. टाटा स्मारक रुग्णालयाचे राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी भारतातील अनेक केंद्रांत केलेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या संदर्भात उल्लेखनीय आहे. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे स्वस्त, सर्वत्र मिळणारे बधिरीकरणाचे औषध टोचलेल्या स्त्रियांमध्ये पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ९०.१ टक्के, तर न टोचलेल्यांमध्ये ८६.४ टक्के आढळले. या चाचणीत सुमारे १,६०० स्त्रिया सहभागी होत्या आणि त्यांना शस्त्रक्रियेपूर्वी रसायनोपचार दिलेले नव्हते.

निचरा नळीची निगा

स्तन काढल्यावर त्वचा आणि स्नायू यांच्यात मोकळी जागा उरते व तीत लसिकाद्रव झिरपत राहतो. तो बाहेर काढण्यासाठी छातीत व काखेत एक किंवा दोन नळ्या ठेवून त्यांना दाबून हवा काढलेली प्लास्टिकची बाटली जोडतात. रुग्णालयात हिला ड्रेन म्हणतात, रुग्ण व नातेवाईक 'बाटली' म्हणतात. रुग्णाला बहुधा एक ते तीन दिवसांत घरी सोडले जाते, त्यामुळे बाटली घरी सांभाळण्याची जबाबदारी कुटुंबावर येते.

दररोज ठरावीक वेळी बाटलीतील द्रव मोजून वहीत दिनांकासह लिहून ठेवावा, बाटली रिकामी करून पुन्हा दाबावी व मगच बूच लावावे. हात आधी व नंतर साबणाने धुवावेत. बाटली फुगलेली असेल तर ओढ नाहीशी झाली आहे असे समजावे. नळीत गुठळी अडकल्यास नळी त्वचेपाशी एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती बाटलीकडे निपटत न्यावी, आणि हे परिचारिकेकडून घरी जाण्यापूर्वी करून पाहावे. बाटली नेहमी जखमेच्या पातळीखाली असावी. कापडी पिशवीत ठेवून ती गळ्यात अडकवल्यास किंवा परकराच्या नाडीला बांधल्यास चालताना नळीला हिसका बसत नाही. द्रव पहिल्या दिवशी लाल, नंतर गुलाबी आणि आठवड्याभरात पिवळसर होत जातो. चोवीस तासांत तो सुमारे ३० मिलिलीटरपेक्षा कमी झाल्यावर, बहुधा सलग दोन दिवस तसा राहिल्यावर, नळी काढतात. याला सामान्यतः एक ते दोन आठवडे लागतात, काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास थोडे अधिक. नोंदवही नसली तर डॉक्टरांना अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो. नळी लवकर काढली तर पाणी साचते आणि फार दिवस ठेवली तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

नळी काढल्यानंतरही त्वचेखाली पाणी साचू शकते. छातीवर किंवा काखेत हलणारी मऊ फुगवटी जाणवते. हे सर्वांत जास्त आढळणारे आणि बहुतांशी निरुपद्रवी असे उपद्रव आहे. थोडे पाणी शरीर आपोआप शोषून घेते, अधिक असल्यास सुईने काढतात. तेथील त्वचा बधिर असल्याने याचा फारसा त्रास होत नाही.

अंगाला ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, जखमेभोवती लाली पसरत जाणे, पू किंवा दुर्गंधी येणे, बाटली अचानक ताज्या लाल रक्ताने भरणे, छाती एका बाजूला झपाट्याने फुगणे, पोटरी दुखून सुजणे किंवा दम लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

खांदा आणि हात

शस्त्रक्रियेनंतर हात शरीराशी जखडून ठेवण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे, आणि घरची मंडळीही 'हात हलवू नकोस, टाके तुटतील' असे बजावतात. ही काळजी प्रेमापोटी असली तरी तिने नुकसान होते. न हलवलेला खांदा थोड्याच आठवड्यांत आखडतो. याचा परिणाम केवळ केस विंचरण्यावर किंवा चोळी घालण्यावर होत नाही. स्तनोच्छेदनानंतर किरणोपचार लागणार असतील, तर रुग्णाला हात डोक्यावर नेऊन त्या स्थितीत स्थिर झोपावे लागते. हात वर जात नसेल तर उपचाराची आखणी करता येत नाही व तो लांबतो.

पहिल्याच दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरवणे व कोपर वाकवणे हे व्यायाम सुरू करतात. त्या हाताने जेवणे, तोंड धुणे, केस विंचरणे यास हरकत नसते. नळी असेपर्यंत खांदा सामान्यतः ९० अंशांपर्यंत, म्हणजे हात खांद्याच्या रेषेत येईल इतपतच उचलतात, कारण याहून अधिक ताणल्यास द्रव जास्त झिरपतो. नळी निघाल्यावर भिंतीकडे तोंड करून बोटे हळूहळू वर चढवत नेणे, दोन्ही हात गुंफून डोक्यावर नेणे, पाठीमागे टॉवेल धरून वर ओढणे असे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करतात. भिंतीवर पेन्सिलीने रोजची खूण केल्यास प्रगती डोळ्यांना दिसते. ताण जाणवणे योग्य, पण तीव्र कळ आली तर तेथे थांबावे. ब्रिटनमधील ३९२ स्त्रियांच्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरू केलेल्या व्यायामाने वर्षभरानंतर हाताची कार्यक्षमता अधिक चांगली राहिल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जखमेच्या गुंतागुंतीत त्याने वाढ झाली नाही.

काही रुग्णांना काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली ताणलेल्या दोरीसारख्या शिरा जाणवतात व हात सरळ होत नाही. या लसिकावाहिन्यांच्या दोऱ्या होत. त्या घाबरण्याजोग्या नसतात आणि ताणाच्या व्यायामाने बहुधा काही आठवड्यांत नाहीशा होतात.

पहिले चार ते सहा आठवडे त्या हाताने दोन-तीन किलोंहून अधिक वजन उचलू नये. भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर किंवा बाजारहाटाची पिशवी यात येते. दुचाकी वा मोटार चालवणे, अचानक वळण घेताना हात पूर्ण फिरेल आणि वेदनाशामकांची गरज उरणार नाही तेव्हाच सुरू करावे. बैठ्या कामावर बहुतेक जणी तीन ते सहा आठवड्यांत परततात, शेतमजुरी वा धुणी-भांडी करणाऱ्यांना अधिक काळ लागतो. लोकलच्या गर्दीत कड्याला लटकून प्रवास करणारीनेही हा विचार करावा.

वेदना आणि बधिरपणा

जखमेची वेदना सामान्यतः पॅरासिटामॉलसारख्या साध्या औषधांनी आटोक्यात राहते. दंडाच्या आतील बाजूचा बधिरपणा किंवा मुंग्या मात्र दीर्घकाळ टिकतात, कारण काखेतून जाणारी एक संवेदी नस शस्त्रक्रियेत ताणली किंवा कापली जाते. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास भाजलेले कळत नाही, हे लक्षात ठेवावे. काढून टाकलेला स्तन अजून आहे, त्याला खाज सुटते किंवा तो जड झाला आहे, असा भासही अनेकींना होतो. हा मनोविकार नव्हे, तर मेंदूतील शरीराच्या नकाशाने घेतलेला वेळ होय. तीन महिन्यांनंतरही जळजळ वा सणके राहिल्यास ती दीर्घकालीन नसवेदना मानून तिच्यावर स्वतंत्र औषधे दिली जातात. 'आता एवढे चालायचेच' म्हणून ती सोसत राहण्याचे कारण नाही.

आहार

भात, डाळ, आंबट पदार्थ किंवा वांगी खाल्ल्याने जखम पिकते, या समजुतीस आधार नाही. उलट डाळी, दूध, दही, अंडी, मासे यांतील प्रथिनांची जखम भरण्यास गरज असते, आणि लिंबू-आवळ्यासारख्या आंबट फळांतील क जीवनसत्त्वही त्यासाठी लागते. पथ्याच्या नावाखाली रुग्णाला पेज व मुगाच्या पाण्यावर ठेवणे अहितकारक आहे. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होत असल्याने पाणी व भाज्या पुरेशा हव्यात. मधुमेहींना साखर नियंत्रणात ठेवावी लागते.

लसिकासूज

काखेतील ग्रंथी काढल्याने किंवा त्यांवर किरणोपचार झाल्याने हातातील लसिकाद्रवाचा परतीचा मार्ग अरुंद होतो आणि हात सुजू शकतो. काखेतील सर्व ग्रंथी काढलेल्या स्त्रियांत सुमारे पाचांपैकी एकीला, तर केवळ पहारेकरी ग्रंथी काढलेल्यांत सुमारे वीसांपैकी एकीला ही सूज येते. ती शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही सुरू होऊ शकते. अंगठी घट्ट होणे, ब्लाउजची एकच बाही आवळू लागणे, हात जड वाटणे ही आरंभीची चिन्हे होत. या टप्प्यात दाबपट्टी, दाबाची बाही, विशिष्ट मालीश व व्यायाम यांनी ती आटोक्यात येते, पुढे ती कायमची होते.

त्या हाताला जखम व जंतुसंसर्ग होऊ न देणे हा सर्वांत उपयुक्त खबरदारीचा उपाय आहे. विळीवर चिरताना, शेतात निंदणी करताना, तव्यापाशी काम करताना लागलेल्या लहान जखमाही धुवून जंतुनाशक लावावे. हात लाल, गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी प्रतिजैविके सुरू करावी लागतात. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. अलीकडच्या अभ्यासांत याचा सुजेशी ठोस संबंध आढळलेला नाही, तरीही दुसरा हात उपलब्ध असेल तर तोच वापरण्याची प्रथा आहे. वजन कधीच उचलू नये, ही जुनी सूचनाही आता मागे पडली आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, क्रमाक्रमाने वाढवलेल्या वजनांच्या देखरेखीखालील व्यायामाने लसिकासूज असलेल्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट तिचा जोर वाढण्याचे प्रसंग कमी झाले.

पोशाख, कृत्रिम स्तन आणि पुनर्रचना

पहिले काही आठवडे ब्रा घालण्याची घाई करू नये. या काळात सुती कापडाचा हलका, कापूस भरलेला तात्पुरता स्तन झबल्यासारख्या सैल अंतर्वस्त्रात ठेवता येतो. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, वजनदार सिलिकॉनचा कृत्रिम स्तन खास खिसा शिवलेल्या ब्रामध्ये वापरतात. त्याचा उपयोग दिसण्यापुरता नसतो. मोठा स्तन एकाच बाजूस राहिल्यास खांदा उतरतो व मानपाठ दुखते, वजनामुळे तोल राखला जातो. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना पदर खांद्यावर पिनेने लावताना जखमेच्या व्रणावर काठ घासतो, त्यांनी काही काळ मऊ सुती साडी किंवा सैल कुडता वापरणे सोयीचे. कृत्रिम स्तन न वापरता राहणे हीही पूर्णपणे योग्य निवड आहे.

पुनर्रचना त्याच वेळी किंवा उपचार संपल्यावर करता येते. तीत सिलिकॉनचे रोपण, पाठीच्या स्नायूचा पट किंवा पोटाची त्वचा व चरबी वापरतात. किरणोपचार होणार असल्यास रोपण आवळले जाण्याचा धोका वाढतो, म्हणून वेळेची निवड तिन्ही तज्ज्ञांनी मिळून करावी.

मानसिक बाजू

पट्टी पहिल्यांदा काढली जाते तेव्हा आरशात पाहणे अनेकींना जड जाते. कोणासमोर आणि केव्हा पाहायचे हे रुग्णाने ठरवावे. पतीने वा घरच्यांनी जखम पाहणे टाळले, तर ती किळस आहे असा अर्थ लावला जातो, जरी प्रत्यक्षात ती भीती असली तरी. लैंगिक जीवन पुन्हा सुरू करण्यास शारीरिक अडथळा नसतो. मात्र या विषयावर डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण बोलत नाही, अशी कोंडी सर्रास आढळते. स्तनाचा कर्करोग स्पर्शाने, एकाच ताटात जेवल्याने किंवा बाळाला जवळ घेतल्याने पसरत नाही. झोप न लागणे, भूक जाणे, कशातच रस न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मुंबईत १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीसारख्या संस्था आणि रुग्णालयांतील स्वमदत गट यांतून, आधी याच मार्गाने गेलेल्या स्त्रिया नव्या रुग्णांशी बोलतात.

अहवाल आणि पुढील उपचार

काढलेल्या ऊतीचा विकृतिशास्त्रीय अहवाल साधारण एक ते दोन आठवड्यांत मिळतो. गाठीचा आकार, कडा कर्करोगमुक्त आहेत का, तपासलेल्या ग्रंथींपैकी कितींत कर्करोग आहे आणि संप्रेरक ग्राहक आहेत का, या चार बाबी रुग्णाने समजून घ्याव्यात. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असल्यास किंवा चार वा अधिक ग्रंथींत कर्करोग आढळल्यास स्तनोच्छेदनानंतरही किरणोपचार देतात. रसायनोपचार लागणार असल्यास ते जखम भरल्यावर, बहुधा चार ते सहा आठवड्यांत सुरू होतात. संप्रेरक-संवेदी कर्करोगात पाच ते दहा वर्षे रोज गोळी घ्यावी लागते. शस्त्रक्रिया झाली, स्तन गेला, म्हणजे आजार संपला असे मानून येथेच उपचार सोडणारे रुग्ण थोडे नाहीत, आणि आजार उलटण्याचे हे टाळता येण्यासारखे कारण आहे.

कर्करोगाखेरीज इतर प्रसंगी

बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ जनुकात दोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. दोन्ही बाजूंच्या प्रतिबंधक स्तनोच्छेदनाने ती ९० टक्क्यांहून अधिक घटते. अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी २०१३ मध्ये आपल्या अशा शस्त्रक्रियेविषयी लिहिल्यानंतर या जनुकचाचण्यांची जगभर चर्चा झाली. ही तातडीची शस्त्रक्रिया नसल्याने समुपदेशनासाठी वेळ घ्यावा, असा आग्रह धरला जातो.

पुरुषांतील स्तनवृद्धीच्या शस्त्रक्रियेत चरबी शोषून घेऊन उरलेली ग्रंथी लहान छेदातून काढतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो आणि काही आठवडे घट्ट दाबाचे जाकीट घालतो. किशोरवयातील स्तनवृद्धी बहुधा एक-दोन वर्षांत आपोआप ओसरते, त्यामुळे घाई करू नये. मात्र पुरुषाच्या एकाच बाजूला, स्तनाग्राखाली कठीण गाठ आढळल्यास ती तपासून घ्यावी, कारण स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे एक टक्का रुग्ण पुरुष असतात.

पारलिंगी पुरुषांच्या वक्षशस्त्रक्रियेत छातीला सपाट, पुरुषी आकार देण्यासाठी ऊती काढतात. मोठ्या छातीत स्तनाखालील दोन आडव्या छेदांतून ती काढून स्तनाग्रे लहान करून पुन्हा रोपली जातात, लहान छातीत स्तनाग्राच्या कडेने छेद पुरतो. छाती आवळून बांधण्याची सवय असलेल्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवरील पुरळ व जखमा बऱ्या करून घ्याव्यात. रोपलेली स्तनाग्रे सुरुवातीस काळपट दिसून खपली धरतात, ही अपेक्षित अवस्था आहे. व्रण ताणून रुंद होऊ नये म्हणून या शस्त्रक्रियेनंतर हात खांद्याच्या वर नेण्यास काही आठवडे मनाई असते. येथील सूचना कर्करोगाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सूचनांपेक्षा भिन्न असतात. व्रणाचा रंग व उठाव कमी होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. छातीला आकार देण्यासाठी थोडी ऊती मुद्दाम ठेवलेली असल्याने या व्यक्तींनीही छातीत गाठ जाणवल्यास तपासणी करून घेणे आवश्यक असते, आणि शस्त्रक्रियेची नोंद डॉक्टरांना सांगणे त्यांच्या हिताचे असते.